जप किल्ला, बस पुणे

शुक्रवार

मिरजेहून आपण एरवी पुण्याला जातो ते लग्नाला, मुलाखतीला, नाहीतर कुणाला तरी विमानतळावर सोडायला. या वेळी चाललो होतो डबे शोधायला. आईला हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तिनं विचारलं, "कसले डबे?" शेवटी बाबाच म्हणाले, "जाऊ दे गं, बँकेतली माणसं सुट्टीत अशीच करतात."

तर कसले डबे, ते आधी. कुणीतरी एक पाणी न शिरणारा डबा कुठंतरी लपवतो, आत एक वही ठेवतो आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी फोन नाहीतर जीपीएस घेऊन जायचं, डबा हुडकायचा, वहीत तारीख आणि नाव घालायचं, डबा होता तस्सा ठेवून यायचं. संपलं. याला जिओकॅशिंग म्हणतात. अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० ला काढून टाकली. तोवर शंभर-शंभर मीटर इकडंतिकडं दाखवणारं यंत्र एका रात्रीत कामाचं झालं. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, ओरेगॉनमधल्या डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थानं हे तपासायला म्हणून जंगलात एक बादली अर्धी पुरली आणि ठिकाण इंटरनेटवर टाकलं. बादलीत पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा हवाबंद डबा होता. आज या खेळात डब्यात खायची वस्तू ठेवायला सक्त मनाई आहे, मुंग्या आणि उंदरांमुळं. पुरायलाही मनाई आहे. म्हणजे पहिल्याच गड्यानं पुढचे दोन नियम आधीच मोडून ठेवले होते.

आम्ही तिघं. मी, दातांचा डॉक्टर असलेला माझा शाळेपासूनचा मित्र आणि तिसरा सतारवाला. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्या घरातला हा मुलगा, म्हणून नाव सतारवाला. स्वतः वाजवतो बेताचंच, पण लाकडाला हात लावून वय सांगतो. पुण्यात माझी मावसबहीण, ताई. हा नाद आम्हाला तिनंच लावला. आमच्या बाजूला या खेळाचा नकाशा जवळजवळ कोराच, त्यामुळं दोन वर्षांत आमच्या खात्यावर मोजून नऊ डबे. ताईचे दीडशेवर. शनिवारी पुण्यात इव्हेंट आहे, दिवसभराचा, असं तिनं कळवलं आणि आम्ही तिकिटं काढली.

डब्यातली वस्तू घ्यायची असेल तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची वस्तू आत ठेवायची, अशी रीत आहे. डॉक्टर भडंगाची पाव किलोची पिशवी घेऊन आला होता. "सांगलीकडची ओळख म्हणून," म्हणाला. त्याला मनाईचा नियम सांगितला तर गाडी कराडला पोचेपर्यंत तोंड पाडून बसला, आणि साताऱ्याच्या आत पिशवी संपली. सतारवाल्यानं मात्र खिशातून कागदाच्या पुडीतली चार मिजराबं काढली. सतार छेडताना बोटात घालतात ती तारेची नखी. घरचीच, वजनाला काही नाही, कितीही लहान डब्यात मावणारी. त्यानं यावर किती विचार केला होता ते तो बोलला नाही.

रात्री कोथरूडला ताईकडं मटाराची उसळ, भाकरी, लसणाची चटणी. संक्रांत नुकतीच झाली होती, त्यामुळं वर तिळगूळ. ताईनं उद्याची यादी वाचून दाखवली: पेन दोन (एक हमखास बंद पडतं), जाड हातमोजे, लहान टॉर्च, चिमटा, पॉवर बँक, आणि नकाशा आधीच उतरवून घ्या, टेकडीवर रेंज जाते. चिमटा कशाला, असं डॉक्टरनं विचारलं. करंगळीच्या पेराएवढ्या डबीतून कागदाची सुरळी बाहेर काढायला. "मग ते माझं काम," तो म्हणाला. त्याचा मूड परत आला.

शनिवार, सकाळ

साडेसहाला वेताळ टेकडीवर. फोन अकरा अंश दाखवत होता आणि आमच्यातल्या कुणाकडंही कानटोपी नव्हती. पुण्याची थंडी कोरडी, कानाच्या पाळीला धरते. सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी शहराच्या हद्दीतली सगळ्यात उंच जागा. वर वेताळाचं देऊळ. जानेवारीत गवत वाळून पिवळं झालेलं, गिरिपुष्पाच्या काटक्यांवर नुसती कुठंकुठं गुलाबी फुलं, आणि खालच्या धुक्यातून कुठूनतरी मोर ओरडतोय. चालायला येणाऱ्यांची गर्दी इतकी की मोरालाही त्याचं काही वाटत नसावं.

इव्हेंटला तीसेक माणसं होती. यजमान म्हणजे साठीला टेकलेले एक निवृत्त इंजिनिअर, गळ्यात शिट्टी, हातात हजेरीचा कागद. आयटीतली पोरंपोरी, दोन शाळकरी मुलं घेऊन आलेलं एक जोडपं, आणि नोकरीसाठी पुण्यात राहणारा एक जर्मन, ज्यानं आल्या आल्या आमच्या हातावर तिळगूळ ठेवून "गोड बोला" म्हटलं. उच्चार आमच्या डॉक्टरपेक्षा स्वच्छ. त्याच्या नावावर काही हजार डबे आहेत. पुण्यात शोधायला सोपं की अवघड, असं विचारलं तर म्हणाला, डबा सोपा. पण तिकडं जंगलात कुणी बघत नाही आणि इथं शोधायला लागलं की पाच मिनिटांत मदतीला माणूस येतो.

पहिले दोन तास सफाई. या खेळात 'कॅश इन, ट्रॅश आऊट' म्हणून २००२ पासून एक रीत आहे: डबे शोधायला येताय ना, मग येताना पिशवी आणा आणि जाताना कचरा घेऊन जा. थोडक्यात सिटो. बाटल्या, वेफर्सची पाकिटं हे तर होतंच, पण संक्रांतीनंतरच्या आठवड्यात टेकडीवर खरा कचरा म्हणजे मांजा. नायलॉनचा, बंदी असलेला. एका बोरीच्या झाडावर त्याचं असं जाळं पडलं होतं की ओढला तर फांदी यायची, कापला तर दुसरं टोक पुढच्या झाडाला. सतारवाला तिथं अर्धा तास बसला. एकेक पदर सैल करत, गुंडाळत, पुन्हा मागं येत. तारांशी रोजचा व्यवहार असलेला माणूस. शेवटी त्याच्या हातात मुठीएवढा गुंडा आला आणि त्यात अडकलेलं एक राखाडी पीस. पीस त्यानं वेगळं काढून खिशात ठेवलं, गुंडा पिशवीत टाकला. हातमोजे घ्या असं ताई का म्हणाली होती ते तेव्हा कळलं. मोजा न घालता मी एकच पदर ओढला होता आणि तर्जनीवर रेघ उमटली होती.

मग खेळ. यजमानांनी टेकडीवर फक्त त्या दिवसापुरते पाच डबे लपवले होते आणि ठिकाणांचा कागद वाटला. आमच्या गटाचा नकाशा डॉक्टरकडं. इथं आमचं पाऊण तासाचं नुकसान झालं, त्याची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ही चूक तुम्हीही करणार आहात. या खेळात ठिकाण अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. समजा, अक्षांश १८° ३१.४५०' आहे. म्हणजे एकतीस पूर्णांक पंचेचाळीस शतांश मिनिटं. डॉक्टरनं ते ३१ मिनिटं ४५ सेकंद असं फोनमध्ये घातलं. पंचेचाळीस सेकंद म्हणजे पाऊण मिनिट. फरक पडला मिनिटाच्या तीन दशांशांचा, आणि एक मिनिट अक्षांश म्हणजे १.८५ किलोमीटर. हिशेब करा. आम्ही साडेपाचशे मीटर उत्तरेला एका निर्दोष दगडाभोवती चार जण वाकून फिरत होतो. चालायला आलेले एक काका थांबले, दुसरे थांबले. "काय हरवलंय?" "चावी," ताई म्हणाली. ती नेहमी चावीच सांगते. दोघंही काका आमच्याबरोबर चावी शोधायला लागले. जर्मन बरोबर बोलला होता.

चूक उमगल्यावर परत येताना जुन्या खाणीकडून आलो. वाईटातून चांगलं म्हणतात ते हे. खाणीच्या कापलेल्या भिंतीवर सकाळचं ऊन पडलं होतं आणि काळ्या दगडात बारीक बारीक भोकं दिसत होती, काहींत पांढरी चमक. लाव्हा थिजताना अडकलेले वायूचे बुडबुडे आणि नंतर त्यांत साचलेलं खनिज. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बुडबुडा, आणि त्यात डॉक्टरनं करंगळी घालून पाहिली. अशा जागांसाठी या खेळात 'अर्थकॅश' म्हणून वेगळा प्रकारच आहे. डबा नसतो, जागा बघायची, दगडाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची. मला तो प्रकार डब्यापेक्षा जास्त आवडतो, हे आमच्या गटात बोलायची सोय नाही.

पाचापैकी तीन मिळाले. एक मला मिळाला, त्याबद्दल सांगायचंच. फोन 'शून्य मीटर' म्हणत होता आणि समोर नुसता दगडांचा ढीग. फोनच्या शून्याला फार अर्थ नसतो. मोकळ्या आभाळाखालीही साधारण पाच मीटरची चूक धरायची. म्हणजे दहा मीटर व्यासाचं रिंगण, आणि त्यात यंत्र संपतं. ताईचा सल्ला असा की इथं फोन खिशात ठेवायचा आणि स्वतःला विचारायचं, मी असतो तर कुठं लपवला असता? मी उभा राहून बघितलं. सगळ्या दगडांवर धूळ आणि वाळलेलं शेवाळ, एकावर शेवाळ खालच्या बाजूला. दगड उलटा ठेवलेला होता. उचलला तर खाली निळ्या झाकणाची डबी. इतका आनंद मला प्रमोशनलाही झाला नव्हता, आणि हे मी विचार करून लिहितोय.

वर पोह्यांची गाडी नाही. उतरल्यावर खाली एका टपरीवर पोहे, ओलं खोबरं आणि शेव घालून, आणि अमृततुल्य चहा दोनदा. सकाळी टेकडीवर जाणार असाल तर खिशात काहीतरी ठेवा; आमच्याकडं भडंग असतं तर बरं झालं असतं, असं डॉक्टर दोनदा म्हणाला.

शनिवार, दुपार

जेवण सदाशिव पेठेतल्या एका खानावळीत. अळूची भाजी, मुगाची खिचडी, ताक. आमच्या बाजूला अशा जेवणाला आजाऱ्याचं जेवण म्हणतात, पण तीन वाट्या अळू गेलं.

दुपारचा टप्पा पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्याच्या ऐन गर्दीत, फुटपाथवरून दहा पावलं आत गेलं की आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं लेणं. बांधलेलं नव्हे, अखंड कातळ खोदून खाली उतरवलेलं. संरक्षित स्मारकात डबा लपवता येत नाही आणि लपवूही नये. म्हणून यजमानांनी इथं फक्त मोजायला लावलं होतं: नंदीच्या गोल मंडपाला बाहेरच्या रांगेत खांब किती, आतल्या रांगेत किती, त्यावरून पुढच्या प्रश्नाचं पाकीट उघडायला आकडा मिळणार. खांब किती ते सांगत नाही, जाऊन मोजा. आम्ही चौघांनी मोजले आणि तीन उत्तरं आली. छत्रीसारखं छप्पर असलेला तो मंडप गोल आहे, कुठून सुरुवात केली ते विसरायला होतं. शेवटी ताईनं एका खांबाशी चप्पल... नाही, चप्पल बाहेर होती, रुमाल ठेवला.

लेण्याच्या आत फोन काढून पाहिला, गंमत म्हणून. त्याच्या मते आम्ही नदीपात्रात होतो. वर दगड, तीन बाजूंना दगड. उपग्रह दिसणार कुठून? आणि जे सिग्नल येतात ते भिंतीवरून आपटून, लांबचा रस्ता घेऊन येतात. आत थंडगार अंधार, एक बाई पिंडीसमोर डोळे मिटून बसलेल्या. फोन बंद केला.

पाकिटात चिठ्ठी. वरच्या ओळीत 'जप किल्ला' आणि एक तिसरा शब्द, खालच्या ओळीत 'बस पुणे' आणि एक तिसरा. बाकी काही नाही. संभाजी बागेत शेंगदाणे खात बसलेल्या सहा गटांपैकी पाच गट या चिठ्ठीकडं बघत बसले. डॉक्टरची थिअरी: किल्ल्यापाशी म्हणजे शनिवारवाड्यापाशी जपून जा, तिथून बस पकडा. तो बसचे नंबर शोधायला लागला होता.

सतारवाला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मेचकल्याणी."

त्यांच्या दुकानात तंबोऱ्यांसाठी कर्नाटकातून गायक येतात. लहानपणी त्यांच्यातल्या एकानं त्याला युक्ती शिकवली होती. कर्नाटक संगीतात बहात्तर मेळ, म्हणजे रागांचे मूळ साचे. मेळाचा नंबर पाठ करायला नको, तो नावातच असतो. मेचकल्याणी, म्हणजे आपल्या यमनच्या सुरांचा मेळ: 'म' म्हणजे ५, 'च' म्हणजे ६, उलटं वाचायचं, पासष्ट. ही कटपयादि. केरळातल्या जुन्या गणित-ज्योतिषवाल्यांची लाडकी पद्धत. क, ट, प, य या चारही अक्षरांना १. तिथून पुढं ओळीनं २, ३, ४. काना-मात्रा सोडून द्यायच्या, जोडाक्षरातलं शेवटचंच व्यंजन धरायचं.

आम्ही कागदावर मांडलं. ज ८, प १. कि १, ल्ला ३. ब ३, स ७. पु १, णे ५. ८१ अंश १३ मिनिटं उत्तर, ३७ अंश १५ मिनिटं पूर्व. ताईनं फोनमध्ये घातलं आणि नकाशा वर वर सरकत जाऊन एका पांढऱ्या-निळ्या समुद्रात थांबला. उत्तर ध्रुवाच्या परसात. "बस कुठली पकडायची?" मी डॉक्टरला विचारलं.

"उलटं वाचायचं म्हणालो की नाही!" सतारवाला ओरडला. अंकानां वामतो गतिः. आकडे उजवीकडून डावीकडं जातात. जप म्हणजे १८. किल्ला म्हणजे ३१. बस म्हणजे ७३. पुणे म्हणजे ५१.

१८ अंश ३१ मिनिटं, ७३ अंश ५१ मिनिटं. आम्ही बसलो होतो त्याच्या जवळच, नदीच्या पलीकडचं जुनं पुणे. आणि पुण्याच्या रेखांशाची मिनिटं 'पुणे' याच शब्दात निघतात! हे कुणी ठरवून केलेलं नाही, नुसता योगायोग. पण यजमानांना तो कधीतरी सापडला असणार आणि त्या एका योगायोगासाठी त्यांनी सगळा इव्हेंट घातला असणार, असा माझा संशय आहे. मी त्यांच्याकडं बघितलं. ते शेंगदाण्याची सालं फुंकत दुसरीकडं बघत होते.

तिसऱ्या शब्दांतून दशांश निघाले. ते शब्द लिहीत नाही. त्या दारात उगाच गर्दी नको.

शनिवार, संध्याकाळ

हा भाग थोडक्यात. शनिवारी संध्याकाळी सहानंतर पेठांत डबा शोधायला जाऊ नका. लग्नसराईची खरेदी, दुचाक्यांचे हॉर्न, बोळात दोन माणसं समोरासमोर आली की एकानं भिंतीला लागायचं. ठिकाण निघालं एका जुन्या वाड्याच्या तोंडाशी. लाकडी दिंडी, आत अंधारा बोळ, पुढं चौक. परवानगी घेतलेली आहे असं यजमानांनी स्पष्ट सांगितलं होतं, दिंडीच्या आत दहा फुटांपलीकडं जायचं नाही अशी अटही होती. उंच भिंतींमधून फोनचा ठिपका बेडकासारखा उड्या मारत होता. आम्ही दिंडीच्या खिळ्यांखाली, उंबऱ्याच्या फटीत, कोनाड्यात, सगळीकडं बोटं घातली. डॉक्टरनं टॉर्च मारून बोळातल्या टपालाच्या सहाही पेट्यांवरची नावं वाचली. वरच्या खिडकीत दिवा होता आणि कुणीतरी उभं होतं.

रस्त्यावरचा एक पोलीस आत डोकावला. ही शक्यता धरूनच चालायचं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये दुपारच्या त्या जंगली महाराज रस्त्यावरच स्फोट झालेले आहेत; बेवारस डब्याला हात लावू नका हे पुण्याला आपण सांगायला नको. म्हणून डबा शक्यतो पारदर्शक, वर नाव-उद्देश लिहिलेला, स्टेशन-शाळांपासून लांब. आणि कुणी विचारलं तर चावी-बिवी नाही, सरळ खरं सांगायचं. ताईनं सांगितलं, कागद दाखवला.

"बक्षीस काय?" हवालदारांनी विचारलं.

"काही नाही."

"मग?"

"वहीत नाव लिहायचं."

त्यांनी आम्हा चौघांकडं आळीपाळीनं बघितलं. "मिरजेहून आलाय?" "हो." "यासाठी?" "हो." ते काही न बोलता निघून गेले, आणि मला वाटतं ते घरी जाऊन बायकोला सांगणार होते.

साडेआठला हार मानली. खेळात याला 'सापडला नाही' अशी रीतसर नोंद करतात आणि ती लपवू नये, पुढच्याला उपयोग होतो. बाकीच्या गटांपैकी तिघांना मिळाला होता, हे कळल्यावर डॉक्टर रात्री जेवला नाही. (मस्तानी प्यायला. अंजिराची.)

रविवार

गाडी साडेअकरा-बाराची. साडेसहाला आम्ही परत त्याच दिंडीत. रविवारी सकाळचा तो बोळ वेगळाच होता. सडा टाकलेला, ओल्या फरशीचा वास, कुठंतरी रेडिओ. उंबऱ्याशी एक आजी रांगोळी घालत होत्या. नऊवारी नव्हे, गाऊनवर स्वेटर, डोक्याला मफलर. त्यांनी ठिपके मोजून झाल्यावरच मान वर केली.

"काल रात्री पण तुम्हीच होतात ना?"

"हो, आजी."

"माझ्या पुतण्याचे उद्योग. मी म्हटलं, दोन दिवस, सोमवारी उचलायचं. काल एकानं चक्क फरशी उचकटायला काढली होती." ते आम्ही नव्हतो, पण वाकून बघितलं होतं, म्हणून गप्प राहिलो. "मी काही सांगणार नाही. तसं कबूल केलंय. लांबून आलात?"

"मिरजेहून."

मिरजेचं नाव ऐकून त्यांनी रांगोळीची वाटी खाली ठेवली. त्यांच्या मिस्टरांचा तंबोरा मिरजेहून आणलेला, अजून माळ्यावर आहे. सतारवाल्यानं भोपळा कसा, जवारी कुणी लावली होती विचारलं. वाटलं आता वर बोलावतील, चहा देतील. तसं काही झालं नाही. पाच मिनिटं तंबोऱ्यावर बोलणं झालं आणि त्या पुन्हा ठिपक्यांकडं वळल्या. मग न बघताच म्हणाल्या,

"वाड्यात बिऱ्हाडं किती असतील, सांगा बघू?"

"सहा," डॉक्टर लगेच म्हणाला. काल नावं त्यानंच वाचली होती.

"पाच."

आम्ही टपालाच्या पेट्यांकडं वळलो. जुन्या, गंजलेल्या, पत्र्याच्या. पाचांवर धूळ आणि एकीत कसलंसं बिल खोचलेलं. सहावी तितकीच गंजलेली, पण गंज जवळून बघितला तर रंगवलेला. तिच्यावर नीट अक्षरात: 'कु. रेखा अंशे'. डॉक्टरनं कपाळावर हात मारला. काल रात्री हे नाव त्यानं आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं आणि "अंशे हे नगरकडचं आडनाव असणार" असं वर सांगितलंही होतं. आता ती पेटी काढलेली आहे, म्हणून लिहायला हरकत नाही.

आत दोन बाजूंनी खटक्यांचा डबा. डब्यात पाच-सात वस्तू, निळं बॉलपेन आणि शंभर पानी वही. वहीच्या पहिल्या पानावर पुतण्याचं नव्हे, थरथरतं पण ठाम अक्षर:

'१. फक्त नाव व तारीख. अभिप्राय नको.
२. झाकण दोन्ही बाजूंनी लावावे.
३. पेन घरचे आहे.'

ओळीनं नावं लिहिली, ताईनं, मी, सतारवाल्यानं, डॉक्टरनं. सतारवाल्यानं पुडीतलं एक मिजराब डब्यात ठेवलं आणि एक लहान लाकडी भोवरा घेतला. सागाचा आहे, म्हणाला, नाकाला लावून. मग थोडं थांबून दुसरं मिजराब काढलं आणि आजींना दिलं. त्यांनी ते तर्जनीत घालून पाहिलं, हलकंच हवेत छेडलं. "तंबोऱ्याला लागत नाही हे," म्हणाल्या. "माहीत आहे," तो म्हणाला. त्यांनी ते काढलं नाही, त्याच बोटानं रांगोळीची रेघ ओढली.

"झाकण लावलंत?"

"दोन्ही बाजूंनी."

गाडी वेळेवर होती, गर्दी बेताची. शिंदवण्याचा घाट गेला, जेजुरी गेली. डॉक्टर खिडकीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. नीरेच्या अलीकडं ताईचा मेसेज आला. मी वाचला आणि फोन सतारवाल्याकडं दिला. त्यानं वाचून डॉक्टरच्या हाताकडं बघितलं. डॉक्टरही आपल्या हातातल्या निळ्या पेनाकडं बघायला लागला.

ताईनं लिहिलं होतं: 'आजींनी विचारलंय, वहीत शेवटचं नाव कुणाचं आहे?'